महामारी, अपील आणि न्यायमूर्तींचा उपदेश

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, अशी म्हण आपल्याकडे फार जुनी आहे. ज्या कोणी शहाण्यानें ती प्रथम उच्चारली, त्याच्या स्वप्नांतही आलें नसेल कीं, एक काळ असा येईल, जेव्हां शहाणा काय किंवा वेडा काय, कोणासच ती पायरी चढण्याची मुभा उरणार नाहीं; आणि तरीही कोर्टाचें काम थांबणार नाहीं. २०२० सालच्या मार्च महिन्यांत तो काळ आला. त्या काळांत वरिष्ठ न्यायालयांतील वकिलांनीं अपिलें कशीं चालवावींत, याविषयीं इकडील व परदेशांतील न्यायमूर्तींनीं जो उपदेश केला, तो आमच्या कानीं आला आणि त्याचा पडताळाही आमच्या घरांतच पाहावयास मिळाला. त्याचें सार वाचकांपुढें ठेवावें, असें आमच्या मनांत बरेच दिवस होतें.

आम्ही वकील नव्हे. इंग्रजी विद्येंत आमची मजल मॅट्रिकपर्यंतच. पुढें जें कांहीं शिकलों तें संस्कृत, आणि जन्मभर शिकविलें तेंही तेंच. परंतु आमचा भाचा एका वरिष्ठ न्यायालयांत वकिली करतो. त्या मार्चमध्यें तो आम्हांस भेटण्यास चार दिवसांकरितां गांवीं आला आणि २५ तारखेपासून सर्व देशभर टाळेबंदी सुरू झाल्यामुळें आमच्याकडेच अडकून पडला. आमच्या शेजारीं एक वृद्ध काकू राहतात. पति निवर्तल्यावर दिरांच्या मुलांशीं त्यांचा राहत्या घरावरून वाद लागला. पहिल्या कोर्टांत काकूंच्या बाजूनें निकाल झाला; त्यावरील अपिलांत २०२० च्या जानेवारीच्या आरंभीं तो फिरला. आतां उच्च न्यायालयांत दुसरें अपील करणें एवढाच मार्ग होता, आणि त्याची मुदत नव्वद दिवसांची. म्हणजे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यांत ती संपणार! इकडे एस्‌. टी. बंद, टपालाचा भरंवसा नाहीं, नकला करणारा दुकानदार दाराला कुलूप लावून बसलेला. काकू रोज सकाळीं अंगणांत दुरूनच उभ्या राहून विचारीत, “मास्तर, माझे दिवस किती उरले?” हा प्रश्न त्या आजाराविषयीं विचारीत नसून मुदतीविषयीं विचारीत, हें आम्हांस माहीत होतें, तरी प्रत्येक वेळीं अंगावर कांटा येई.

मुदतीचा कायदा मोठा निष्ठुर आहे, असें लोक म्हणतात. तो निष्ठुर नाहीं. केव्हां तरी वाद संपला पाहिजे, एवढेंच त्याचें म्हणणें आहे. परंतु ज्याच्या पायांत सरकारनेंच साथीसाठीं बेडी घातली, त्याला ‘तूं चाललास कां नाहींस’ असें विचारणें हा न्याय नव्हे. हें ओळखून आपल्या सर्वोच्च न्यायालयानें, कोणी अर्ज करण्याची वाट न पाहतां, २३ मार्च २०२० रोजीं आपण होऊन हुकूम केला कीं, १५ मार्चपासून सर्व न्यायालयांतील दाव्यांच्या व अपिलांच्या मुदती वाढविल्या आहेत. त्या वेळीं सरन्यायाधीशपदीं नागपूरचे शरद बोबडे होते. ही सवलत ८ मार्च २०२१ च्या हुकुमानें आवरती घेण्यांत आली. पुढें दुसरी लाट आली तेव्हां २७ एप्रिल रोजीं ती परत देण्यांत आली. आणि अखेर १० जानेवारी २०२२ च्या हुकुमानें १५ मार्च २०२० पासून २८ फेब्रुवारी २०२२ पर्यंतचा सर्व काळ मुदतींतून वगळण्यांत आला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेंही १९ मार्च २०२० रोजीं आपल्याकडे अर्ज करण्याची नव्वद दिवसांची मुदत दीडशें दिवस केली. दोन खंडांतील दोन न्यायालयांस एकाच आठवड्यांत एकच गोष्ट सुचावी, यांत आश्चर्य नाहीं. न्यायाचें पहिलें कर्तव्य दार उघडें ठेवण्याचें आहे.

येथें एखादा वाचक विचारील कीं, साक्षीदार नाहींत, पक्षकार नाहींत, मग घरबसल्या कोर्ट चालणार कसें? याचें उत्तर अपिलाच्या स्वरूपांतच आहे. आमच्या धर्मशास्त्रकारांनीं व्यवहाराचे, म्हणजे दाव्याचे, चार पाद सांगितले आहेत : वादीचें म्हणणें, प्रतिवादीचें उत्तर, पुरावा आणि निर्णय. खालच्या कोर्टांत चारही पाद चालावे लागतात. तेथें साक्षीदाराचा चेहरा, त्याचें अडखळणें, त्याच्या कपाळावरचा घाम हींदेखील न्यायाधीशास पाहावीं लागतात. परंतु अपिलांत सामान्यतः पहिले तीन पाद होऊन गेलेले असतात. पुरावा कागदावर उतरलेला असतो. त्यावरून काढलेला निर्णय बरोबर कीं चूक, एवढेंच पाहावयाचें राहतें. दुसऱ्या अपिलांत तर कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असल्यावांचून उच्च न्यायालय हातही घालीत नाहीं. याज्ञवल्क्यानें कुल, श्रेणी, पूग आणि राजानें नेमलेले अधिकारी अशी न्यायसभांची चढती परंपरा दिली आहे; एका सभेच्या निर्णयानें समाधान न झालेल्यास वरच्या सभेपुढें जातां येतें, असा त्याचा अर्थ विज्ञानेश्वरानें लाविला आहे. तेव्हां अपील ही कल्पना इंग्रजांबरोबर आली असें कोणी समजूं नये. आणि तिचें मर्म डोळ्यांनीं पाहण्यापेक्षां बुद्धीनें पाहण्यांत अधिक आहे, हेंही ध्यानांत ठेवावें.

साथीनें न्यायालयांची गति अडण्याची ही कांहीं पहिलीच वेळ नव्हती. अमेरिकेचें सर्वोच्च न्यायालय फिलाडेल्फिया शहरांत बसत असे त्या काळीं, १७९३ व १७९८ सालीं, पीतज्वराच्या भयानें ऑगस्टमधील सत्रें आटोपतीं घ्यावीं लागलीं. १९१८ च्या ऑक्टोबरांत इन्फ्लुएंझाच्या साथीमुळें युक्तिवाद पुढें ढकलावे लागले. आपल्याकडे मुंबई इलाख्यांत प्लेगनें हाहाकार उडविला तेव्हां १८९७ सालीं साथीच्या रोगांचा कायदा झाला. त्याच कायद्याचा आधार २०२० सालींही घेण्यांत आला. फरक इतकाच कीं, पूर्वीं साथ आली म्हणजे न्यायालय थांबे. या वेळीं तारेनें व यंत्रानें तें चालूं राहूं शकलें.

अमेरिकेंत ४ मे २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें आपल्या इतिहासांत प्रथमच टेलिफोनवरून युक्तिवाद ऐकला, आणि तो त्याच वेळीं सर्व लोकांस घरोघरीं ऐकतां आला. प्रत्यक्ष न्यायालयांत नऊ न्यायमूर्ति हवा तेव्हां प्रश्न विचारतात. एकाचा प्रश्न संपण्यापूर्वीं दुसऱ्याचा येतो. टेलिफोनवर एकमेकांची तोंडें दिसत नसल्यानें गोंधळ होईल, म्हणून प्रथम सरन्यायाधीश आणि मग सेवाज्येष्ठतेच्या क्रमानें एकेकानें विचारावें, असें ठरलें. याचा परिणाम मोठा चमत्कारिक झाला. न्यायमूर्ति क्लॅरेन्स थॉमस हे मितभाषी म्हणून प्रसिद्ध; २००६ पासून २०१६ पर्यंत दहा वर्षें त्यांनीं युक्तिवादांत एकही प्रश्न विचारला नव्हता. ते या नव्या रीतींत पहिल्याच दिवसापासून आपली पाळी आली कीं प्रश्न विचारूं लागले! आम्हां मास्तरांस याचें नवल वाटलें नाहीं. वर्गांत जो मुलगा कधीं हात वर करीत नाहीं, त्याला उत्तर येत नसतें असें नव्हे. त्याची पाळी कोणी आणीत नाहीं, इतकेंच. पुढें ऑक्टोबर २०२१ मध्यें न्यायमूर्ति पुन्हां न्यायालयांत बसूं लागले, तेव्हांही मोकळ्या प्रश्नोत्तरांच्या शेवटीं क्रमानें विचारण्याची ही एक फेरी त्यांनीं राखून ठेविली.

त्याच मे महिन्यांतील ६ तारखेस सत्त्याऐंशी वर्षांच्या न्यायमूर्ति रूथ बेडर गिन्सबर्ग बाल्टिमोरच्या इस्पितळांत उपचार घेत होत्या. तेथूनच त्यांनीं युक्तिवाद ऐकला व प्रश्न विचारले. आणि त्याच दिवशीं दुसऱ्या एका युक्तिवादाच्या मध्यें शौचकूपांत पाणी सोडल्याचा आवाज साऱ्या देशानें ऐकला! एका दिवसांत कर्तव्यनिष्ठेचा आणि अनवधानाचा असे दोन्ही धडे मिळाले.

आपल्याकडे ६ एप्रिल २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दूरदृश्य सुनावणीसंबंधीं हुकूम काढला. तो करणाऱ्या पीठावर सरन्यायाधीश बोबडे यांच्यासमवेत न्यायमूर्ति धनंजय चंद्रचूड व न्यायमूर्ति नागेश्वर राव होते. त्यांत एक भेद फार मार्मिकपणें केलेला आहे. दूरदृश्य साधनाचा उपयोग मुख्यतः युक्तिवाद ऐकण्याकरितां करावा. पुरावा मात्र उभय पक्षांच्या संमतीवांचून या रीतीनें नोंदवूं नये. वर सांगितलेल्या चार पादांचा विवेक तो हाच. शिवाय ज्यांच्यापाशीं साधन नाहीं, त्यांस न्यायालयानें तें उपलब्ध करून द्यावें, असेंही त्यांत सांगितलें होतें.

आतां उपदेशाकडे वळूं. निरनिराळ्या न्यायमूर्तींनीं निरनिराळ्या प्रसंगीं वकिलांस जें सांगितलें, त्याचें तात्पर्य आमच्या समजुतीप्रमाणें सहा गोष्टींत येतें.

पहिली गोष्ट कागदांची. साथीच्या काळांत तोंडी बोलण्यास वेळ थोडा आणि ऐकण्यास अडचण फार. म्हणून लेखी युक्तिवादावर अपिलाचा सारा भार येतो. तो न्यायमूर्ति घरीं बसून, बहुधा संगणकाच्या पडद्यावर वाचणार. तेव्हां वाक्यें आटोपशीर असावीं, प्रत्येक मुद्द्यास मथळा असावा, आणि छापील पानाचा आंकडा व पडद्यावरील पानाचा आंकडा एकच असावा. ‘पान ४२ पाहावें’ असें वकील म्हणतो आणि पडद्यावर बेचाळिसावें पान भलतेंच निघतें, तेव्हां न्यायमूर्तींचें चित्त मुद्द्यावरून उडतें. तें परत आणणें कठीण.

दुसरी गोष्ट आरंभाची. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयांत वकिलास पहिलीं दोन मिनिटें सामान्यतः कोणी अडवीत नाहीं. ती दोन मिनिटें उपोद्घातांत घालवूं नयेत. आपलें मागणें काय, तें कोणत्या कारणानें, आणि खालचें कोर्ट नेमकें कोठें चुकलें, एवढें त्यांत यावें. लिहून आणलेलें वाचून दाखवूं नये. वाचणाराचा आवाज ऐकणारास लगेच कळतो.

तिसरी गोष्ट थांबण्याची, आणि हीच सर्वांत अवघड. प्रत्यक्ष न्यायालयांत न्यायमूर्तींनीं मान किंचित्‌ हालविली तरी चतुर वकील थांबतो. टेलिफोनवर मान दिसत नाहीं, आणि यंत्रांतून आवाज पोंचण्यास क्षणभर उशीर लागतो. म्हणून दर दोनतीन वाक्यांनंतर जाणूनबुजून थांबावें; दुसऱ्या बाजूनें आवाज आला कीं आपलें वाक्य अर्धें असलें तरी सोडून द्यावें. प्रश्न म्हणजे व्यत्यय नव्हे. न्यायमूर्तींचें मन कोठें अडलें आहे, हें दाखविणारा तो दिवा आहे.

चौथी गोष्ट साधनांची. यंत्र आदल्या दिवशीं तपासून पाहावें. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर असावा, उजेड समोरून यावा, पाठीमागें साधी भिंत असावी. आपली पाळी नसेल तेव्हां ध्वनि बंद ठेवावा, आणि पाळी आली कीं तो सुरू करण्यास विसरूं नये. एक साधन बंद पडलें तर दुसरें हाताशीं असावें, आणि सर्व कागद छापील स्वरूपांतही मेजावर असावे. वीज जाते, कागद जात नाहीं.

पांचवी गोष्ट मर्यादेची. घर हें घर असलें तरी सुनावणी चालूं आहे तोंवर तें न्यायालयच होय. १३ मे २०२० रोजीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें साथीपुरती काळा कोट व झगा यांची सूट दिली. पांढरा सदरा, पांढरी साडी किंवा सलवार-कमीज व गळ्याशीं पांढरी पट्टी एवढा वेष पुरे मानला. परंतु सवलतीचा अर्थ कांहींनीं भलताच घेतला. राजस्थानांत एक वकील गंजिफ्रॉकवर उपस्थित झाले, तेव्हां सुनावणी पुढें ढकलण्यांत आली. सर्वोच्च न्यायालयापुढें एक गृहस्थ बिछान्यावर पडून बोलूं लागले, त्यांस क्षमा मागावी लागली. वेष हा न्यायमूर्तींच्या मानाकरितां नाहीं. ज्या पक्षकाराचें सर्वस्व पणास लागलें आहे, त्याच्या दुःखाचा तो मान आहे.

सहावी गोष्ट सौजन्याची. प्रतिपक्षाचा वकील आजारी पडला किंवा त्याच्या घरीं कोणी दगावलें, तर मुदत वाढवून देण्यास हरकत घेऊं नये. आणि आपण मुदत मागावयाची तर खरें कारण थोडक्यांत सांगावें. साथीचें निमित्त करून आळस झांकूं नये. न्यायमूर्ति एकदां फसतात. मग त्या वकिलाच्या खऱ्या शब्दावरही त्यांचा विश्वास बसत नाहीं.

हा सारा उपदेश भाच्यानें आम्हांस वाचून दाखविला होता. काकूंचें अपील त्यानें मुदतवाढ आहे म्हणून स्वस्थ बसून न राहतां जूनमध्यें दाखल केलें. सवलत ही अडलेल्यासाठीं असते, निवांत बसणाऱ्यासाठीं नव्हे, असें त्याचें मत. सुनावणीची तारीख गणपतीनंतरच्या आठवड्यांत लागली. चार दिवस आधीं तो म्हणाला, “मामा, तुम्ही न्यायमूर्ति व्हा आणि मला मधेंच अडवा.” आम्ही जन्मभर मुलांस अडवीतच आलों; हें काम आम्हांस सोपें गेलें. तो माजघरांत बसे, आम्ही माडीवर बसून टेलिफोनवरून प्रश्न करीत असूं. पहिल्या दिवशीं आम्ही तीनदां प्रश्न विचारला आणि तिन्ही वेळां तो आपलेंच घोडें पुढें दामटीत राहिला. आम्ही खालीं येऊन त्याला म्हणालों, “अरे, तूं आमचें ऐकतच नाहींस, मग आम्हीं तुझें कां ऐकावें?” त्यानंतर तो थांबूं लागला.

सुनावणीच्या दिवशीं पावसाची झड होती. काकूंनीं अंतर राखून दाराशीं पाट मांडला होता. भाच्यानें पांढरी पट्टी बांधली. त्याचें पहिलेंच वाक्य संपतें न संपतें तोंच वीज गेली आणि पडदा काळा झाला. परंतु दुसऱ्या कंपनीचा मोबाइल त्यानें तयार ठेविला होता. मिनिटभरांत तो परत हजर झाला. न्यायमूर्ति शांतपणें म्हणाले, “झालेलें पुन्हां सांगूं नका. वाटणीपत्राचा जो अर्थ खालीं लाविला, तो कोणत्या शब्दामुळें चूक, एवढेंच सांगा.” भाच्यानें पान सांगितलें, ओळ सांगितली, शब्द सांगितला आणि थांबला. समोरचे वकीलही सज्जन. वीज गेली त्याचा फायदा त्यांनीं घेतला नाहीं. वीस मिनिटांत अपील दाखल करून घेण्यांत आलें आणि निकाल लागेपर्यंत घराचा ताबा आहे तसाच ठेवावा, असा हुकूम झाला.

काकू कांहीं वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “मास्तर, अकरा वर्षें हा दावा चालला. तारखा कळल्या, खर्च कळला. पण माझ्या घराविषयीं कोर्टांत काय बोलतात, तें आज पहिल्यानें ऐकलें. त्यांनीं कागद वाचले होते हो!” पुढें दोन वर्षांनीं उभय पक्षांत तडजोड झाली, काकूंस दोन खोल्या, अंगण व विहिरीचा हक्क मिळाला. सगळें घर मिळालें नाहीं. परंतु आपलें ऐकून घेतलें, याचें समाधान त्यांच्या चेहऱ्यावर आम्हीं त्या पावसाळी दुपारींच पाहिलें होतें, तडजोडीच्या दिवशीं नव्हे.

या नव्या रीतीचे दोष आम्हांस दिसत नाहींत असें नाहीं. ज्याच्या गांवीं वीज टिकत नाहीं, ज्याच्या वकिलापाशीं चांगलें यंत्र नाहीं, त्याची कुचंबणा होते. वरिष्ठ वकिलांशेजारीं उभें राहून तरुणांस जें शिकावयास मिळतें, तें पडद्यावर मिळत नाहीं. न्यायमूर्तींच्या मुद्रेवरची सूक्ष्म छाया टेलिफोनांत उमटत नाहीं. तरीही दूर खेड्यांतील पक्षकाराचा प्रवासखर्च व दिवसाची मजुरी वांचली, हें खोटें नव्हे. म्हणूनच साथ ओसरल्यावरही, ६ ऑक्टोबर २०२३ रोजीं, सर्वोच्च न्यायालयानें सर्व उच्च न्यायालयांस बजावलें कीं, दूरदृश्य सुनावणीची सोय मागणाऱ्यास ती नाकारूं नये. संकटांत काढलेली पाऊलवाट पुष्कळ वेळां पुढें हमरस्ता होते.

असो. न्यायमूर्तींनीं हा उपदेश वकिलांस केला खरा. परंतु तो आपल्या घरोघरींही उपयोगीं पडेल, असें आम्हांस वाटतें. बोलण्यापूर्वीं तयारी करावी, मुद्दा आधीं सांगावा, दुसरा बोलूं लागला कीं थांबावें, अडचणींतील प्रतिपक्षाशीं सौजन्यानें वागावें, आणि कोणी पाहत नसलें तरी वेष व वाणी नीट ठेवावी. दूर असलेल्या मुलांशीं व नातवंडांशीं आतां आपण सर्वच पडद्यावरून बोलतों. तेथेंही आपलेंच सांगत न बसतां दोन वाक्यांनंतर क्षणभर थांबून पाहावें. पलीकडे कोणी तरी बोलूं पाहत असतें.